अठरा वर्षं पूर्ण होण्याची वाट का पाहायची? इटलीच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
इटली प्रजासत्ताक,
विमिनाले, रोम

महोदय, सविनय नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. उत्तर इटलीतल्या ब्रेशात पंधरा वर्षं काढल्यावर बाजारात, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत निभावण्याइतकं इटालियन मला येतं, पण पोटातलं सांगायची वेळ आली की शब्द कोल्हापूरचेच येतात. भाषांतर माझा मुलगा करून देईल. घरी येणारी सगळी सरकारी पत्रं नऊ वर्षांचा असल्यापासून तोच आम्हाला वाचून दाखवतो. त्याचा जन्म ब्रेशातला, वय तेरा, आणि आपल्या कायद्याच्या लेखी तो परदेशी आहे. आईबाप परदेशी असले की इथे जन्मलेल्या पोरालाही स्वतःच्या नावानं नागरिकत्व मागायला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

त्याच्याबद्दल सांगेनच. त्याआधी फुटबॉलपटू मारियो बालोटेलीबद्दल बोलायचं आहे. बालोटेली आपल्याला माहीत आहे, माझा मुलगा माहीत नाही, आणि दोघांची अडचण मात्र एकच.

माझा नवरा कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात ओतकाम करायचा. इथे तो लुमेद्झानेच्या एका कारखान्यात पितळी व्हॉल्व्हच्या कामावर आहे. त्याच लुमेद्झानेच्या संघातून २००६ च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांचा बालोटेली तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. जन्म पालेर्मोचा, १२ ऑगस्ट १९९०. आईवडील घानाहून आलेले. अगदी तान्हेपणी आतड्याच्या दुखण्यानं त्याच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे ते कुटुंब ब्रेशाजवळच्या बान्योलो मेल्लाला आलं आणि परिस्थितीपायी पोर कोन्चेझिओच्या बालोटेली कुटुंबाकडे सांभाळायला दिलं गेलं. सांभाळायला दिलं, दत्तक नव्हे. ज्या घरात तो वाढला ते घर इटालियन, ज्या बाईला तो आई म्हणायचा ती इटालियन, आणि तो स्वतः घानाचा.

पुढचा हिशेब आपणच तपासून पाहा. डिसेंबर २००७ मध्ये तो मिलानच्या इंटर क्लबच्या मुख्य संघात आला. जानेवारीत त्यानं कोपा इतालिया या इटलीच्या कप स्पर्धेत युव्हेंतुस क्लबला दोन गोल मारले. मे २००८ मध्ये इंटर इटलीचा विजेता ठरला आणि बालोटेली त्या संघात होता. म्हणजे तो इटलीचा चॅम्पियन आधी झाला आणि नागरिक नंतर! १३ ऑगस्ट २००८ रोजी, अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कोन्चेझिओच्या नगरपालिकेत त्याला नागरिकत्व मिळालं. तोवर इटलीच्या कुमार संघांना त्याचा काडीचा उपयोग करून घेता आला नव्हता. मध्यंतरी घानानं बोलावलं होतं, तेही त्यानं नाकारलं. ज्या देशानं अजून आपलं म्हटलं नव्हतं, त्या देशासाठी एक पोरगा थांबून राहिला होता.

२८ जून २०१२ ची रात्र मला आजही लख्ख आठवते. वॉर्सोत युरो कपची उपांत्य फेरी, समोर जर्मनी. मला सहावा महिना होता. उकाड्यानं सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघड्या होत्या. विसाव्या मिनिटाला कास्सानोच्या क्रॉसवर बालोटेलीनं हेडर मारला आणि खिडक्याखिडक्यांतून एकच आरोळी उठली. छत्तिसाव्या मिनिटाला मोंतोलिव्होनं लांबून दिलेला पास घेऊन त्यानं जो फटका हाणला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात येऊन रडत होत्या. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हासुद्धा असाच खेळेल बघ. सामन्यानंतर मारियो स्टँडमध्ये बसलेल्या सिल्व्हियाच्या, त्याला वाढवणाऱ्या आईच्या, गळ्यात पडला. परक्या मुलखात बाळंतपण कसं निभायचं याची धास्ती त्या रात्री माझ्या मनातून गेली.

त्याच मारियोविरुद्ध इथल्याच स्टेडियममध्ये ‘काळे इटालियन नसतात’ अशा अर्थाच्या घोषणा दिल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये वेरोनात तो ब्रेशाकडून खेळत होता. माकडाचे आवाज ऐकून त्यानं चेंडू हातात घेतला आणि थेट प्रेक्षकांत भिरकावला. सोबतच्यांनी समजावून मैदानात थांबवलं, आणि शेवटी त्यानं एक अप्रतिम गोलही केला. दुसऱ्या दिवशी तिथल्या कट्टर समर्थकांचा म्होरक्या रेडिओवर म्हणाला, की बालोटेली कधीच पूर्ण इटालियन होऊ शकणार नाही. वेरोना क्लबनं त्या माणसाला २०३० पर्यंत मैदानबंदी केली. चांगलंच केलं. पण महोदय, तो जे रेडिओवर बोलला, तेच आपला कायदा या देशात जन्मलेल्या पोरांना अठरा वर्षं सांगत असतो, फक्त सभ्य भाषेत.

बालोटेलीच्या चुका मी झाकणार नाही. एवढ्या गुणांच्या खेळाडूच्या नावावर इटलीकडून ३६ सामने आणि १४ गोलच लागावेत, याची हळहळ आमच्या घरातही होते. क्लब बदलत राहिला, शिस्त सांभाळली नाही. पण दुसरा एखादा स्ट्रायकर वाया गेला तर लोक म्हणतात, पोरगं वाया गेलं. याच्या बाबतीत म्हणाले, हा आपला नव्हताच.

आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांकडून नायजेरियाचे खेळाडू येऊन खेळतात. त्यांना स्टँडमधून काय काय नावानं हाका मारल्या जायच्या ते मी लहानपणी कानांनी ऐकलं आहे आणि हसलेही आहे. आज माझ्या मुलाला मैदानावर कोणी त्याच्या रंगावरून बोललं की त्या हसण्याची लाज वाटते.

आता त्याचं सांगते. तो चौदा वर्षांखालच्या संघात फॉरवर्ड खेळतो, डाव्या पायानं. २०१६ च्या कायद्यानं वयाची दहा वर्षं व्हायच्या आत इथे राहायला आलेल्या परदेशी मुलांना क्लबमध्ये इटालियन मुलांसारखीच नोंदणी मिळते. त्यासाठी मनापासून आभार, त्या कायद्यामुळेच तो खेळतो आहे. गेल्या ईस्टरला त्याचा संघ इंग्लंडला स्पर्धेसाठी गेला. बाकीच्या पोरांना व्हिसा लागला नाही. याला व्हिसा लागत होता, आणि त्याची तारीख मिळाली ती स्पर्धा संपल्यानंतरची. भरलेली बॅग त्यानं स्वतःच रिकामी केली. मग गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बुटांच्या स्टडमधली माती माझ्या शिवणाच्या सुईनं टोकरत बसला. बूट आधीच स्वच्छ होते. जेवायला हाक मारली तर म्हणाला, आई, अजून थोडी राहिली आहे.

आपले अधिकारी म्हणतील, इथे राहून दहा वर्षं झाली आहेत, आईबापांनी अर्ज करावा, म्हणजे मुलालाही मिळेल. बरोबर आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. माझी आई कोल्हापुरात एकटी आहे. उद्या मला कायमचं परत जावं लागलं तर मी माझ्याच गावात परदेशी ठरेन. हा निर्णय मी माझ्यासाठी घेईन किंवा घेणार नाही. पोराचं नागरिकत्व माझ्या त्या निर्णयाला का बांधलं आहे? शिवाय तीन वर्षांचं उत्पन्न दाखवा आणि निकालासाठी दोन वर्षं, वेळ पडली तर तीन वर्षं थांबा.

याउलट मातेओ रेतेगीकडे पाहा. अर्जेंटिनात जन्मला, तिथेच वाढला. मार्च २०२३ मध्ये तिथल्याच तिग्रे क्लबकडून खेळत असताना थेट इटलीच्या संघात आला, कारण त्याच्या आईचे वडील सिसिलीतल्या कानिकात्तीचे. पदार्पणात नेपल्सला इंग्लंडविरुद्ध गोल केला. पुढे शेजारच्या बेर्गामोच्या अतालांता क्लबकडून २०२४-२५ मध्ये २५ गोल करून लीगमध्ये पहिला आला. गुणी खेळाडू आहे, माझ्या मुलाच्या खोलीत त्याचा फोटो आहे. रेतेगीला मिळालं ते योग्यच मिळालं. पण इटलीत एकही मोसम न खेळलेला मुलगा आजोबांच्या रक्तानं इटालियन ठरतो, आणि रोज सकाळी ब्रेशाच्या बसनं शाळेला जाणारा मुलगा तसा ठरत नाही. नागरिकत्वाचा १९९२ चा ९१ क्रमांकाचा कायदा झाला तेव्हा इथून बाहेर गेलेल्यांची आठवण ठेवणं स्वाभाविक होतं. इथे जन्मणाऱ्यांची आठवण ठेवायला तेहतीस वर्षांहून जास्त काळ पुरला नाही का? पुरुषांचा संघ २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकाला पोचू शकला नाही, तेव्हा स्ट्रायकर मिळत नाहीत म्हणून केवढी ओरड झाली होती!

प्रयत्न झाले हे मला माहीत आहे. इथे शाळा शिकलेल्या मुलांना नागरिकत्व देणारं विधेयक ऑक्टोबर २०१५ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि डिसेंबर २०१७ मध्ये सेनेटमध्ये गणसंख्येअभावी बुडालं. जून २०२५ च्या सार्वमतात नागरिकत्वाच्या अर्जासाठी दहाऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरावं का, हा प्रश्न होता. मतदान जेमतेम तीस टक्के, त्यामुळे तेही रद्दबातल. ज्यांच्या आयुष्याचा तो प्रश्न होता, त्यांना त्यात मतच नव्हतं.

माझी मागणी एवढीच आहे. इथे जन्मलेल्या किंवा लहानपणी आलेल्या मुलानं इथे शाळेची पाच वर्षं पूर्ण केली की त्याच्या स्वतःच्या नावानं अर्ज घ्यावा, आईबापांच्या पासपोर्टकडे न पाहता. तो मुलगा गोल करणारा असो नाही तर बाकावर बसणारा. मारियोसाठी निदान अख्खा देश अठराव्या वाढदिवसाची वाट पाहत होता.

कायदा बदलला नाही तर माझा मुलगा २०३० च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांचा होईल आणि अर्जाला त्याच्याकडे फक्त एक वर्ष असेल. जन्मापासून तो सलग इथेच राहिला, हे तेव्हा दाखवावं लागेल. त्यासाठी माझ्या कपाटात एक निळी फाइल आहे. लसीकरणाची कार्डं, बालवाडीच्या पावत्या, दर वर्षीचं प्रगतिपुस्तक, सहा वर्षांचा असताना बोटांचे ठसे देऊन मिळालेला निवास परवाना. सासरे गेले तेव्हा खंड पडू नये या भीतीनं आम्ही कोल्हापुरात तीनच आठवडे राहिलो, त्या विमानाची तिकिटंही त्यात आहेत. आपण बोलावलंत तर ती फाइल आणि मुलगा, दोघांना घेऊन रोमला येईन. सामना नसेल असा वार मात्र द्यावा.

आपली विश्वासू,
एक आई
ब्रेशा