इबोलाची साथ आणि दारात उभं राहण्याची रीत

प्रिय अनंता,

सगळं समजावून सांगूनही लोक आजार का लपवतात, असं तू विचारलंस. त्यासाठी २०१४ ची पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ बघायला हवी. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून २८,६०० हून अधिक रुग्ण, ११,३०० हून अधिक मृत्यू.

इबोला पसरतो तो रुग्णाच्या रक्ताच्या, उलटी-जुलाबाच्या स्पर्शातून, आणि मृत्यूच्या सुमारास शरीरात विषाणू सर्वांत जास्त असतात. म्हणजे धोका कुणाला? उशाशी बसणाऱ्या आईला, प्रेताला आंघोळ घालणाऱ्या आप्तांना. त्यांना नुसतं 'शिवू नका' म्हणणं म्हणजे माया सोडा म्हणण्यासारखंच, रे.

लायबेरियात नेमकं हेच बिघडलं. ऑगस्ट २०१४ मध्ये राजधानी मन्रोव्हियातले मृतदेह जाळण्याचा हुकूम निघाला. तिथली रीत पुरण्याची; कबरी सजवायला वर्षातला एक दिवसच राखलेला. मग रुग्ण घरातच लपवले जाऊ लागले, प्रेतं गुपचूप पुरली जाऊ लागली. डिसेंबरअखेर मन्रोव्हियाबाहेर डिस्को हिलला वेगळी दफनभूमी झाली, तेव्हा कुठे दहन थांबलं.

सुरक्षित दफनाची खरी सुरुवात दारातच होते. पथकाने संरक्षक पोशाख चढवून जायचं नाही. आधी साध्या कपड्यांत सांत्वन, मग पुढे काय काय करणार ते सांगायचं आणि घरच्यांचा होकार घ्यायचा. घरच्यांनी एक साक्षीदार नेमायचा. पोशाख त्यानंतर. मृतदेह पिशवीत बंद करून पिशवी ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणाने निर्जंतुक करायची. मुस्लिम घरात पाण्याच्या आंघोळीऐवजी तयम्मुम, म्हणजे स्वच्छ मातीने केलेली कोरडी शुद्धी, चालते. खड्डा नातेवाइकांनी खणावा, प्रार्थनेला वेळ द्यावा, कबरीवर नाव लावावं.

संपर्कातल्यांचा शोधही असाच. प्रत्येकावर शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस नजर ठेवायची, रोज ताप बघायचा. 'कुणाला भेटलात?' या प्रश्नाला अर्धीच नावं मिळतात. आजारपणाचा एकेक दिवस घेऊन विचारायचं: भरवलं कुणी, कपडे कुणी धुतले, दवाखान्यात कुणी नेलं? यादी गावातल्याच विश्वासातल्या माणसाने करावी. नाव दिलं की घर बंद आणि रोजगार बुडाला, अशी गत असेल तर शेजारी शेजाऱ्याचं नाव सांगत नाही. म्हणून घर बंद करायच्या दिवशीच धान्य आणि पाणी दारात पोचलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पोचलं, तर तोवर कुणीतरी मागच्या दाराने बाहेर पडलेलं असतं.

तुझाच,
विनायक