व्हेस्टा शोधू देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर असताना तुमचे धड आभारही मानता आले नाहीत. शब्दच फुटेनात. म्हणून हे जाहीर पत्र.

लघुग्रह पाहायची माझी इच्छा फार जुनी. शनीची कडी, गुरूचे चंद्र सगळे हौसेने दाखवतात. लघुग्रहाचं नाव काढलं की "त्यात काय बघायचंय, नुसता ठिपका" म्हणून बोळवण. एका आकाशदर्शनात तर दुर्बिणीला डोळा लावतो न लावतो तोच मागून आवाज, "दिसला ना? चला, पुढचे या." ठिपके पुष्कळ दिसत होते. त्यातला कोणता, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. त्याचा अजून राग येतो.

तुम्ही मात्र डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलात. मग द्विनेत्री (बायनॉक्युलर) माझ्या हातात दिलीत, वहीचं कोरं पान आणि पेन्सिल पुढे केलीत आणि कागदावर लाल टॉर्च धरून उभे राहिलात. "दिसतील तेवढे तारे काढ. घाई नाही." मी काढत होतो, खोडत होतो, पुन्हा वर बघत होतो. तुमचा हात नक्की अवघडला असणार, पण उजेड जराही हलला नाही आणि त्यातला व्हेस्टा हा लघुग्रह कुठला, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

पुढच्या निरभ्र रात्री तेच पान घेऊन पाहिलं. बाकी सगळे जागच्या जागी, एकच सरकलेला! प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, व्हेस्टा दिवसाला चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीइतका सरकतो, हे मी वाचलेलं होतं. १८०७ साली ऑल्बर्सने शोधलेला, सुमारे ५२५ किलोमीटर रुंदीचा तो खडक. 'डॉन' यानाने जवळून टिपलेले त्याचे फोटोही मी कितीदा पाहिलेत. पण माझ्याच हाताने काढलेला ठिपका एकीकडे आणि तो दुसरीकडे, हे पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

माहिती असलेली माणसं खूप भेटतात. समोरच्याला त्याच्या गतीने पाहू देणारी क्वचितच. उत्तर ओठांवर असताना गप्प राहायला मन मोठं लागतं, काका, आणि ते तुमच्याकडे आहे.

आता सेरेस शोधायचाय. व्हेस्टाहून मोठा, पण पृष्ठभाग काळपट म्हणून अंधुक; द्विनेत्री तिवईवर लावावी लागेल. तिवई मी आणतो. कधी येऊ, तेवढं कळवा.

तुमचा ऋणी,
एक आकाशप्रेमी