बरण्यांतील गर्भांचे त्रिमितीय चित्रण व्हावे : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तास मला अवघड जाई. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचे आतडे पोटात मावेनासे होऊन नाळेत उतरते, तिथेच वळू लागते आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास पोटात परतते. एवढ्यात त्याची एकूण २७० अंशांची फिरकी होते. फळ्यावर हे दाखवता येत नाही, म्हणून मी सलाइनची नळी हातात घेऊन पिळून दाखवत असे. विद्यार्थी माना डोलावत आणि परीक्षेत फिरकीची दिशा उलटी काढत. ही फिरकी अर्धवट राहिलेल्या बाळाचे आतडे पिळवटते, तेव्हा शल्यचिकित्सकाला हीच दिशा पक्की ठाऊक असावी लागते.

ज्या आकृत्यांवरून आम्ही शिकलो आणि शिकवले, त्यांतील बऱ्याच कोंबडीच्या व उंदराच्या गर्भांवरून आल्या आहेत आणि त्या माणसाला सर्वत्र लागू पडत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पहिल्या दोन महिन्यांतील मानवी गर्भाचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा हे ठळकपणे पुढे आले. त्यासाठी विद्यार्थ्यांनी सुमारे १५,००० छेदांवर (गर्भाच्या अतिपातळ कापांवर) एकेक अवयव हाताने रेखला होता. ते छेद मात्र नवे नव्हते. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेने विसाव्या शतकात जमवलेल्या संग्रहातून ते घेतले होते. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाने १९६० च्या दशकापासून जपलेल्या गर्भांपैकी हजाराहून अधिकांचे एमआरआय चित्रण झाले आहे. जुने नमुने नीट जपले, म्हणूनच नवे तंत्र हाती येताच त्यांतून नवे ज्ञान निघाले.

आपल्या देशातही हे काम होऊ शकते. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने २०२४ मध्ये गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशा सर्वांसाठी खुला केला. दुसऱ्या तिमाहीतील मेंदूंचे ५,१३२ छेद त्यात पेशीपेशीपर्यंत पाहता येतात.

आता आपल्या राज्याकडे पाहू. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संग्रहालयांत फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रवाच्या बरण्यांत ठेवलेले गर्भ आहेत. काचेच्या झाकणाचे मेण तडकते, द्रव उडून जातो आणि गर्भाचा माथा उघडा पडून तपकिरी होतो. चिठ्ठीवरची शाई तर त्याआधीच पुसट झालेली असते. एका महाविद्यालयात नूतनीकरणाच्या वेळी अशा बरण्या कोणतीही नोंद न करता जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांत भरल्या गेल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांत जुळ्यांची एक बरणी होती. तिच्यासारखी दुसरी मला पुन्हा कुठे दिसली नाही.

माझी पहिली विनंती अशी की, सर्व संग्रहालयांतील गर्भनमुन्यांची मोजदाद होईपर्यंत एकही बरणी टाकली जाऊ नये. मोठ्या नमुन्यांचे चित्रण महाविद्यालयाच्या रुग्णालयातील एमआरआय यंत्रावर, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर, करता येईल. लहान नमुन्यांसाठी आयोडीनमध्ये भिजवून मायक्रो-सीटी, म्हणजे क्ष-किरणांनी अतिसूक्ष्म त्रिमितीय चित्रण, करण्याची पद्धत आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात ती वापरात असून तीत गर्भाला चिरा द्यावा लागत नाही. त्याचे एक यंत्र राज्यात एका ठिकाणी असले तरी सुरुवातीला पुरेल.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. गर्भपात झालेल्या मातेला गर्भ अभ्यासासाठी देण्याची इच्छा आहे का, हे आज सहसा कोणी विचारत नाही. तिला तिच्या भाषेत, घाई न करता आणि उपचारांशी कोणताही संबंध न जोडता ते विचारावे, नकार दिल्यास पुन्हा विचारू नये, आणि हे सारे नैतिकता समितीच्या देखरेखीखाली व्हावे, असा स्पष्ट नियम हवा. जुन्या बरण्यांबाबत संमतीचे कागद मिळणार नाहीत. त्यांचे काय करावे हेही समितीनेच ठरवावे, एकट्या विभागप्रमुखावर सोडू नये.

गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे ‘गर्भाचे चित्रण’ म्हटले की अधिकारी फाईल बाजूला ठेवतात. तो कायदा कडकच राहिला पाहिजे. त्या दिशेने १९८८ मध्ये देशात पहिले पाऊल आपल्याच राज्याने टाकले, याचा मला अभिमान आहे. परंतु मृत नमुन्याच्या चित्रणात गरोदर स्त्रीची तपासणी होत नाही, हे आपल्या विभागाने परिपत्रकाने स्पष्ट केल्यास अध्यापकांची भीती जाईल.

माझ्या जुन्या विभागातील नमुन्यांची, मी निवृत्तीपूर्वी केलेली हस्तलिखित यादी आपल्या कार्यालयाला द्यायला मी तयार आहे. तीत नऊ बरण्यांपुढे लाल खूण आहे. त्यांतील द्रव तेव्हाच निम्म्यावर आला होता.

आपला नम्र,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक