पुन्हा पहिल्या स्टेजपासून

कराड,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल वहिनींशी बोलणं झालं. तुझ्या पायाचं प्लास्टर अजून पाच आठवडे राहणार म्हणाल्या. नंतर तुझा मेसेज वाचला: "छोटूनं हातात मावणारा एक व्हिडिओ गेम आणून दिलाय. आत शेकडो जुने गेम आहेत. अर्ध्या तासात पंधरा खेळून पाहिले आणि कंटाळा आला. आपल्याला लहानपणी यात एवढं काय वाटायचं रे?" बंड्या, हे वाचून मला वाईट वाटलं. मेसेजमध्ये उत्तर मावेना, म्हणून बऱ्याच वर्षांनी कागद घेऊन बसलोय.

अर्ध्या तासात पंधरा, इथंच सगळं बिनसलं. मे महिन्याच्या सुट्टीत आपण स्टँडजवळच्या दुकानातून व्हिडिओ गेम भाड्यानं आणायचो, ते आठव. एका दिवसाचं भाडं दोघांत आणि कॅसेट एकच. कॅसेटवर लाखांत आकडा छापलेला असायचा, पण आत खरे गेम आठ-दहा. पुढच्या पानांवर तेच पुन्हा, फक्त तिसऱ्या नाहीतर पाचव्या स्टेजपासून सुरू होणारे. म्हणजे निवडायला काही नव्हतंच. जे होतं तेच सकाळपासून रात्रीपर्यंत, तुझी आई "पिक्चर ट्यूब जाईल" म्हणून टीव्ही बंद करेपर्यंत.

दुसरी गोष्ट. तुझ्या त्या डब्यात मेल्यावर हव्या त्या जागेवरून परत सुरू करायची सोय असणार. ती वापरू नकोस. आपल्याकडे तसलं काही नव्हतं. तीन लाईफ संपल्या की पहिल्यापासून, आणि लोडशेडिंग झालं तरी पहिल्यापासून. हे गेम मुळात लहान आहेत. मारिओ तर जगातले तरबेज खेळाडू पाच मिनिटांच्या आत संपवतात. त्यांची लांबी आपल्या पुन्हा पुन्हा येण्यातून तयार झालेली असते. ते येणं काढून टाकलंस तर हातात पाच मिनिटांची चित्रं उरतात. म्हणून माझी कसोटी एकच आहे: पहिली स्टेज शंभराव्यांदा खेळताना हात खूश होतो का? होत असेल तर तो गेम परत खेळण्यासारखा. नाहीतर आठवण म्हणून चांगला, तिथंच असू दे.

मारिओपासून सुरुवात कर. १९८५ चा गेम आहे, शिगेरू मियामोतो यांनी केलेला. पहिल्या स्टेजची पहिली दहा सेकंदं या वेळी सावकाश बघ. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठं जायचं ते न सांगता कळतं. मग समोरून तो तपकिरी, भुवया चढवलेला गडी येतो. उडी मारली नाही तर मेलास, पण फक्त दोन-तीन सेकंदंच वाया गेली, म्हणून राग येत नाही. पुढं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे पळतं, हिरव्या पाइपवर आपटतं आणि उलटं तुझ्याच अंगावर येतं. घाबरून उडी मारलीस तरी वरच्या विटांना डोकं लागून बहुतेक त्याच्यावरच पडतोस. आणि मोठा होतोस! आपल्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, इंग्रजीही वाचता येत नव्हतं, तरी दोन मिनिटांत आपण खेळायला लागलो. तेव्हा आपण स्वतःला हुशार समजलो. आता कळतं, त्या माणसानं आपला हात धरून चालवलं होतं, आणि आपल्याला कळूही दिलं नव्हतं.

हा सगळा गेम, बत्तीसच्या बत्तीस स्टेज आणि त्यातलं संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं एखादं सुप्रभातचं चित्रही त्याहून मोठं असतं. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवला आणि रंग तेवढा बदलला. मी तीस वर्षं ते बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. तू आज बघ.

एक विनंती आहे. दुसऱ्या स्टेजला छतावरून चालत जाऊन पुढच्या पाइपांत उतरायचा रस्ता तुला पाठ आहे. या वेळी तो घेऊ नकोस. आपण कायम तिथून चौथ्या जगात, म्हणजे चार-चार स्टेजांच्या चौथ्या गटात, उडी मारायचो, त्यामुळे दुसरं आणि तिसरं जग मी नीट पाहिलंच नव्हतं. तिसऱ्यात रात्र आहे. काळं आकाश, खाली तीच झाडं. फार सुंदर वाटलं मला.

मारिओनंतर कॉन्ट्रा, पण तीन लाईफवर. वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे असं करून तीस लाईफ मिळवायची ती युक्ती आपल्या गल्लीत मंत्रासारखी पाठ होती. ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरची. १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम तपासताना तो त्यालाच जमेना, म्हणून त्यानं स्वतःसाठी ठेवली होती. नंतर ती कॉन्ट्रातही आली. तीस लाईफ असल्या की माणूस नुसता पुढं पळतो. तीनच असल्या की कुठला शिपाई कुठून येतो ते पाठ करावं लागतं, आणि पाठ झालं की त्याला लय येते. पाच गोळ्या पसरणारी ती एस बंदूक मिळाली की दुसरं काही उचलू नकोस. मेलास की ती जाते, म्हणून एका एका उडीला काळीज हलतं. धबधब्याची स्टेज मात्र एकट्यानं खेळताना मला सुनी वाटली. तिथं एक जण घाईनं वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. "थांब, थांब" असं ओरडण्यातच आपली ती स्टेज जायची. आता थांब म्हणायला कुणी नाही.

डक हंट तुझ्या त्या डब्यावर असला तरी सोडून दे. तो बंदुकीशिवाय खेळण्यात काही नाही, आणि त्या बंदुकीतून काही सुटतच नव्हतं. तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा होता. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीला तो उजेड दिसला तर बदक पडायचं. ती वेळ जुन्या काचेच्या टीव्हीशी बांधलेली होती. आजच्या सपाट टीव्हीवर ती जुळत नाही. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. आपण बंदूक चालवायचो तेव्हा छोटूच्या हातात उरलेला रिमोट द्यायचो, त्यानं रडू नये म्हणून. तो बटणं दाबत "मी उडवतोय बदक, मी उडवतोय" म्हणायचा आणि आपण त्याला गप्प बसवायचो. बंड्या, तो खरं सांगत होता. एका बदकाच्या खेळात रिमोटनं बदक खरोखर हलवता येतं, गेम तसाच केलेला आहे. हे मला अलीकडे कळलं. छोटूला माझ्या वतीनं सांग.

कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, म्हणजे आपला मुस्तफा, नको. तू त्याबद्दल विचारणार हे माहीत आहे, म्हणून लिहितो. पिवळ्या टोपीच्या त्या गड्याचं मलाही तुझ्याइतकंच प्रेम आहे. पण तो गेम नाणी टाकून खेळायच्या यंत्रासाठी केलेला. खिशात दोन नाणी, मागं उभी असलेली दहा पोरं आणि तिसऱ्या स्टेजला संपत आलेली लाईफ, हा त्याचा जीव. घरी एक बटण दाबलं की हवी तेवढी नाणी पडतात. मी मागच्या वर्षी तो शेवटपर्यंत नेला आणि शेवट झाल्यावर मला काहीच वाटलं नाही.

टेट्रिसबद्दल थोडक्यात. यात्रेत मिळायचा तो विटांचा हातगेम त्याचाच भाऊ. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी केला. प्लास्टरमधल्या माणसाला याहून चांगला सोबती नाही, कारण पाच मिनिटं खेळून ठेवता येतो. मारिओच्याच यंत्रावरचा १९८९ चा टेट्रिस चौतीस वर्षं माणसाच्या हातून कधी हरला नव्हता. मग डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या लेव्हलला नेऊन तो गोठवला. आपल्या जन्माच्या सुमाराचे गेम, आणि अजून त्यांत कुणी पहिल्यांदा काहीतरी करतंय!

लॅपटॉप जवळ असेल तर प्रिन्स, म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. यासाठी एक अख्खी संध्याकाळ ठेव.

शाळेतला संगणकाचा तास आठवतो? पस्तीस मिनिटं, एका संगणकावर तिघं, चपला बाहेर. आणि गेममध्ये राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं. म्हणजे तो संपवणं आपल्याला वेळापत्रकानंच अशक्य होतं. आपण तिसऱ्या लेव्हलच्या त्या सांगाड्यापर्यंत जायचो, घंटा व्हायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अंधारकोठडी.

तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा का पळायचा, ते ऐक. जॉर्डन मेकनर या मुलानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लटकायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यातली एकेक हालचाल उतरवून घेतली. म्हणून तो कडेला लटकला की आपले खांदे दुखतात. म्हणून थांबतानाही तो दोन पावलं घसरतो. तुला ती घसरण आवडायची नाही, बटण सोडलं की थांबायला हवा म्हणायचास. मला ती पहिल्यापासून आवडली. त्याला वजन आहे.

खरी गोष्ट पुढची. १९८९ साली ॲपलच्या ज्या संगणकावर हा गेम झाला, त्याची मेमरी भरून गेली होती. राजपुत्राला एक तगडा शत्रू हवा होता आणि नव्या माणसाची चित्रं ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून मेकनरनं राजपुत्राचीच चित्रं घेतली आणि त्यांतून सावली केली. चौथ्या लेव्हलला तू आरशातून आरपार उडी मारतोस आणि पलीकडून तुझी सावली सुटून पळते. पुढं ती तुझ्या आधी जाऊन औषधाची बाटली पिऊन टाकते, दार तुझ्या तोंडावर बंद करते. शेवटच्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी राहते. तिच्यावर घाव घातलास की ताकद तुझीच कमी होते. तिथं काय करायचं ते मी लिहीत नाही, आणि तूही कुठं शोधू नकोस. मला ते छत्तीसाव्या वर्षी सुचलं. सुचल्यावर मी गेम तसाच ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आता टँक. शेवटी ठेवला, कारण खरं पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

बॅटल सिटी हे त्याचं खरं नाव, १९८५ चा. तुझा पिवळा टँक, माझा हिरवा, मधे खाली विटांच्या आडोशाला आपण राखायचा तो गरुड. वरून वीस टँक येणार, पस्तीस स्टेज. पंधरा गेममध्ये हा तू एकट्यानं खेळला असणार आणि तुला तो रिकामा वाटला असणार. वाटणारच. त्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकानं पुढं जायचं तर दुसऱ्यानं गरुडाशी थांबायचं. तू कायम पुढं. लाल लुकलुकणारा टँक दिसला की त्यातून बक्षीस म्हणून फावडं निघेल की तारा, या आशेनं तू धावायचास आणि मी विटांपाशी. तुझी गोळी मला लागली की मी जागच्या जागी गोठायचो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत गरुड जायचा. एकदा तर माझ्याच गोळीनं गेला. तू काही बोलला नाहीस. रिमोट खाली ठेवलास, पाणी पिऊन आलास आणि म्हणालास, "चल, परत." हे मी विसरलेलो नाही.

त्यात स्वतःची स्टेज बांधायची सोय होती, ती तुला आठवतेय ना? तेरा बाय तेरा घरं. वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ. यंत्र बंद केलं की बांधलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून आपण गणिताच्या चौकटीच्या वहीत नकाशे उतरवून ठेवायचो. एका दुपारी आपण गरुडाभोवती सगळीकडून पोलाद लावलं. शत्रूला पोलाद फोडता येत नाही. आपण जिंकलो म्हणून नाचलो, आणि दुसऱ्या स्टेजपर्यंतही गेलो नाही. मग तू परत बांधायला बसलास, काही न बोलता पोलादाचा एक ठोकळा काढलास आणि तिथं वीट लावलीस. त्या एका विटेसाठी आपण संध्याकाळपर्यंत लढलो.

त्या दुपारची वही मला सापडली नाही, माळा दोनदा उपसला. पण ती स्टेज माझ्या हाताला अजून आठवते. आज चौकटीच्या कागदावर काढून सोबत पाठवतोय. डावीकडच्या झाडीबद्दल खात्री नाही. तिथं पाणी होतं असं मला सारखं वाटतंय, तू बघून दुरुस्त कर. वीट कुठं होती ते मात्र बरोबर काढलंय.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. त्या डब्याला टीव्हीची वायर आणि दुसरा रिमोट लागतो का, ते छोटूला बघून ठेवायला सांग, नसेल तर मी इथून घेऊन येईन. काकूंना नमस्कार. पाय उशीवर उंच ठेव.

हिरवा टँक माझा.

तुझाच,
पिंट्या