नकाशा रस्ता दाखवतो, लाईन लावून देत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठेत आमची औषधांची एजन्सी आहे, म्हणजे कंपनीचा माल आमच्याकडे येतो आणि आम्ही तो पुण्यातल्या मेडिकल दुकानांना पोचवतो. आमच्या धंद्यातले लोक, शिवाय ओळखीतले बेकरीवाले, स्टेशनरीवाले, पाण्याचे जार टाकणारे, सगळे हल्ली एकच विचारतात की डिलिव्हरीसाठी अॅप कुठलं घ्यायचं? पेपरात, यूट्यूबवर यावर जे काही येतं ते बहुतेक कुठला मॅप ट्रॅफिक बरोबर दाखवतो एवढ्यावरच असतं, आणि त्यामुळे लहान धंदेवाला नको तिथे पैसे घालतो असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

मुद्दा असा आहे की इथून तिथे कसं जायचं हे सांगणं एक काम, आणि आज वीस दुकानं आहेत तर आधी कुठल्या दुकानात जायचं आणि शेवटी कुठल्या हे ठरवणं हे पूर्ण वेगळं काम. पहिलं काम गूगल मॅप्स, मॅपल्स (आपल्या देशातलं मॅपचं अॅप), वेझ सगळेच बऱ्यापैकी करतात. दुसरं काम यातलं आपण रोज फुकट वापरतो ते गूगल मॅप्स करत नाही. त्यात निघायची जागा धरून दहा ठिकाणं टाकता येतात, पण तुम्ही ज्या क्रमाने टाकाल त्याच क्रमाने तो तुम्हाला फिरवतो, क्रम बदलायचा तर बोटाने ओढून स्वतःच बदलायचा. क्रम लावून देणारी सेवा गूगलकडे आहे, पण ती कंपन्यांसाठी, पैसे भरून आणि सॉफ्टवेअरवाल्याकडून जोडून घ्यायची. माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांना वाटतं की दुकानं टाकली की मॅप आपोआप जवळचा रस्ता काढतो, तर तो दोन दुकानांमधला काढतो, अख्ख्या लाईनीचा, म्हणजे दिवसाच्या सगळ्या दुकानांच्या फेरीचा, नाही.

आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. दहा दुकानं असली तर ती फिरायचे ३६,२८,८०० क्रम होतात, पंधरा झाली की हाच आकडा १ लाख ३० हजार कोटींच्या वर जातो. कॉम्प्युटरसुद्धा सगळे क्रम तपासत बसत नाही, पुरेसा चांगला क्रम पटकन शोधायच्या युक्त्या वापरतो. माणूस सहसा सगळ्यात जवळचं दुकान आधी घेतो, मग त्याच्या जवळचं, आणि शेवटी एक दुकान वारज्याला आणि एक थेट बिबवेवाडीला राहून जातं. दुकानं जास्त असतील आणि रोज बदलत असतील तर रूट प्लॅनर म्हणून जी वेगळी अॅप मिळतात, स्पोक (आधीचं सर्किट), रूटिफिक, रोडवॉरियर वगैरे, त्यातलं एखादं बघायला हरकत नाही. पण तुमची लाईन ठरलेली असेल, सोमवारी कोथरूड, मंगळवारी सिंहगड रोड, तीच दुकानं तोच क्रम, तर महिन्याला दर ड्रायव्हरमागे पैसे कशाला भरायचे? एकदा बसून क्रम नीट लावा, गूगलच्या माय मॅप्समधे एक्सेलची यादी टाकली की सगळी दुकानं नकाशावर एकदम दिसतात, ती बघत कागदावर लावला तरी चालतो.

आता क्रम कशावरून ठरतो ते सांगतो, कारण अॅप निवडताना खरी गोम इथेच आहे. आमच्याकडे इन्सुलिन असतं, ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. सकाळी डिलिव्हरीचा पोरगा थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक टाकतो, पॅक आणि इन्सुलिनच्या मधे जाड कागदाची घडी घालतो कारण इन्सुलिन गोठलं तर ते गरम होण्याइतकंच वाया जातं, मग वर चिकटपट्टी, आणि तो डबा बॅगेत सगळ्यात वर. म्हणजे इन्सुलिनवाली दुकानं आधी, ती लांब असली तरी. बाकीचा माल उलटा भरायचा, शेवटच्या दुकानाचं पुडकं तळाशी, नाहीतर प्रत्येक दुकानासमोर भर रस्त्यात अख्खी बॅग उपसावी लागते. मग बरीच मेडिकल दुकानं दुपारी एक ते चार बंद. काही दुकानदार सकाळी गर्दीत बिल बघायलाच तयार नसतात, अकराच्या पुढे या म्हणतात. कुठे नुसतं पुडकं देऊन सही घेतली की झालं, कुठे मागच्या बिलाचा चेक घ्यायचा असतो, कुठे एक्सपायरीचा माल परत घ्यायचा, तो एकेक स्ट्रिप मोजून, बॅच नंबर बघून घ्यावा लागतो आणि त्यात वेळ जातो. म्हणजे दोन दुकानांमधलं अंतर पाच मिनिटांचं आणि दुकानातला वेळ वीस मिनिटांचा, असं रोज होतं. ज्या अॅपमधे दर दुकानाला किती वेळ लागतो आणि दुकान किती ते किती उघडं असतं हे टाकताच येत नाही, त्याचा ट्रॅफिकचा अंदाज कितीही अचूक असू दे, दुपारी एकनंतर तो अंदाज कोलमडणारच.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो की अॅपची जाहिरात बघू नका, तुमचा कालचा खरा दिवस त्यात टाकून बघा. दुकानाच्या वेळा टाकता येतात का, एखादं दुकान पहिलंच हवं असं पक्कं करता येतं का, मधेच फोन आला की अमुक हॉस्पिटलच्या मेडिकलला अर्जंट इंजेक्शन हवंय तर उरलेला क्रम लगेच नवीन लागतो का, आणि क्रम लागल्यावर पुढच्या दुकानाचा रस्ता पोरांच्या हातातल्या नेहमीच्या मॅपमधे उघडतो का. मग जो क्रम येईल तो तुमच्या सगळ्यात जुन्या डिलिव्हरीवाल्याला दाखवा, तो दोन मिनिटांत सांगेल कुठे चुकतंय, आणि तो जे सांगेल ते अॅपमधे घालता येत नसेल तर ते अॅप सोडून द्या. माझ्या मते ही एकच परीक्षा खरी. अजून एक, अशा अॅपमधे आपण पार्टीची, म्हणजे गिऱ्हाईक दुकानांची अख्खी यादी, नावं, फोन नंबर सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवतो. यादी म्हणजे धंद्याचं भांडवल आहे, टाकायचं तर दुकानाचं नाव आणि मॅपवरची जागा दाखवणारा पिन एवढंच टाका, नंबर आणि उधारीचे आकडे कशाला?

पिनवरून आठवलं, कुठलंही अॅप घेण्याआधी पत्ते दुरुस्त करा, हे मी हात जोडून सांगतो. पोस्टाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित आणि पोस्टात अधिकारी. त्या काळी चिठ्ठ्या वेगळ्या करायला त्याचा फार मोठा उपयोग झाला, पण ४११०३० एवढ्या एका नंबरात सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि आजूबाजूचं किती काय येतं. त्यावर दुकान सापडत नाही. मॅपवरचा पिन पण दर वेळी खरा नसतो. कर्वे रोडवरच्या एका दुकानाचा पिन डिव्हायडरच्या पलीकडे पडलेला होता, पोरगा मॅप सांगेल तसा समोरच्या बाजूला पोचायचा, दुकान दिसायचं पण पुढे जाऊन यू टर्न घेऊन परत यायला लागायचं. दुसऱ्या एका दुकानाचा पिन मागच्या गल्लीत, जिथून आत जायला दारच नाही.

याला उपाय फुकटचा आहे. पोरांनी दुकानाच्या दारात, गाडी जिथे लावतात तिथे उभं राहून लोकेशन सेव्ह करायचं आणि मॅप त्या जागेचा जो कोड देतो तो आपल्या यादीत पार्टीच्या नावापुढे कायमचा लिहून ठेवायचा. गूगलचा प्लस कोड चालतो, पूर्ण दहा अक्षरांचा कोड साधारण १४ मीटर बाय १४ मीटरची जागा दाखवतो. मॅपल्सचा सहा अक्षरांचा पिन आहे. आणि २०२५ मधे पोस्ट खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या रिमोट सेन्सिंग सेंटरबरोबर डिजिपिन आणला, तो दहा अक्षरांचा, सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन, म्हणजे जवळजवळ दुकानाच्या शटरपर्यंत. मजला मात्र प्लस कोड किंवा डिजिपिन सांगत नाही, तेव्हा "दुसरा मजला, जिना मागून" हे आपलं आपणच लिहायचं. मला यात डिजिपिन सगळ्यात आशेचा वाटतो कारण तो कुठल्या कंपनीचा नाही, उद्या आपण अॅप बदललं तरी यादी तीच राहते. पत्त्यांची यादी आपली असली की अॅप बदलायची भीती उरत नाही.

रस्त्यांचं बोलायचं तर पेठांमधे लक्ष्मी रोड, कुमठेकर रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड सगळे वनवे, एक दुकान चुकलं की पूर्ण फेरा. अशा ठिकाणी किलोमीटर कमी यापेक्षा दुकानं एका ओळीत डाव्या हाताला येणं महत्त्वाचं. अमेरिकेतली यूपीएस ही कुरिअर कंपनी डावीकडची वळणं शक्यतो टाळते, तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाड्या आडव्या येतात म्हणून, आपल्याकडे तोच नियम उजव्या वळणाला लागू होतो. आणि गाडी कुठली ते मॅपला खरं सांगा. गूगलने २०१७ च्या शेवटी आपल्याकडे टू व्हीलरचा वेगळा पर्याय दिला तो खूप कामाचा आहे, पण तोच पर्याय चालू ठेवून छोटा हत्ती पेठेतल्या बोळात घातला तर मागे येणं मुश्किल. २०२४ मधे चारचाकीला अरुंद रस्ते टाळून नेणारी सोय आली ती आधी आठ शहरांत, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोइमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर, गुवाहाटी, त्यात महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण अरुंद रस्त्यांचा प्रश्न कसबा पेठेपेक्षा, सोलापूर, कोल्हापूरच्या जुन्या भागापेक्षा कुठे मोठा असणार?

मॅपवर डोळे झाकून जायचं नाही हे २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात दिसलं, कोतुळकडचा पूल पाण्याखाली होता आणि रात्री गाडी सरळ पाण्यात गेली, एक जीव गेला. २०२४ च्या नोव्हेंबरमधे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. आपल्या पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, हे जुन्या पोरांना आकाश बघून कळतं, नवीन पोरगा मॅपवर विसंबतो. म्हणून माझी सगळ्या एजन्सीवाल्यांना विनंती आहे की अॅपने "दोन वाजता परत" असं दाखवलं म्हणून पोराला अडीचला बोलणी घालू नका, त्यावरून पगार तर अजिबात कापू नका. तो अंदाज आहे, आणि घाई झाली की पोरगा वनवेत उलटा घुसतो, अपघात त्याचा होतो. फोन हातात धरून कोणी चालवत असेल तर त्याला आधी हँडलला लावायचा होल्डर घेऊन द्या, तो एजन्सीच्या खर्चाने. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमात फक्त रस्ता बघायला फोन वापरायची मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानेच.

आता तुमच्याकडे एक मागणं. पालखीच्या मुक्कामाला नाना पेठ, भवानी पेठ, विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रोड, याशिवाय वर्षभर पाईपलाईन, ड्रेनेज, पुलाची कामं, या सगळ्याची वाहतूक शाखेची सूचना पेपरात येते, पण बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी आणि एका लांबलचक परिच्छेदात, तोपर्यंत आमच्या बॅगा भरून झालेल्या असतात. ती सूचना आदल्या दिवशी एका ठरलेल्या जागी चौकटीत छापा, कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत, किती ते किती, टू व्हीलरला चालू की बंद, एवढंच. आणि महापालिका, वाहतूक शाखा यांच्याकडे तुमच्या पेपरच्या वजनाने पाठपुरावा करा की वनवे, अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा आणि रस्ते बंद असल्याची माहिती सगळ्यांना डाउनलोड करता येईल अशी एका जागी, तारखेसकट खुली ठेवावी, म्हणजे गूगल असो, मॅपल्स असो की ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर फुकट काम करणारी आपली मुलं असोत, ज्याला हवं तो ती आपल्या नकाशात घेईल. चौकट सुरू केलीत तर पेठेतल्या एजन्सीवाल्यांकडून रोजची खबर गोळा करून द्यायला मी तयार आहे, दुपारी चारपर्यंत पोरं परत येतात, तेव्हा कुठला रस्ता खोदलाय हे आमच्याइतकं ताजं कोणाला माहीत नसतं.

आपला,
एक औषध वितरक, सदाशिव पेठ, पुणे