आतलं दार बंद होतं म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की जगभर नट, विदूषक आणि टीव्हीवरचे चेहरे निवडून येतात, कारण लोकांनी अक्कल गहाण टाकली आहे. ते वाचून मला माझे वडील आठवले. राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. आम्ही भावंडं आईबरोबर गावी, मालवण तालुक्यात. घर मनीऑर्डरवर चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढारी होते डॉ. दत्ता सामंत. मूळचे आमच्याच देवबागचे, पण गिरणीशी संबंध नसलेले, पेशाने डॉक्टर. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी भरघोस पगारवाढ मिळवून दिली होती, एवढंच गिरणगावाला त्यांच्याबद्दल ठाऊक. मग अडीच लाख माणसं एका बाहेरच्याच्या मागे का गेली?

कारण आतलं दार बंद होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलणी करायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. बोनसवरून कामगार या संघावर खवळलेले होते, पण नाराजी सांगायला दुसरी जागाच नव्हती. हा कायदा रद्द करा, हीसुद्धा संपातली एक मागणी होती, हे आज फारसं कुणी सांगत नाही. कामगार फक्त पगारासाठी बाहेर पडले नव्हते. आपल्या वतीने कोण बोलणार, हे आपल्याला ठरवता यावं, असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर वडील वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो घरांत जे झालं ते आमच्याही घरात झालं: बहिणीची शाळा सुटली, आईच्या पाटल्या गेल्या. मी एकदा रागाने विचारलं, अशा माणसाच्या नादाला लागलातच कशाला? ते म्हणाले, "जिंकूक येयत की नाय ता माका ठावक नव्हता. पण तो आमच्यावांगडा उन्हात उभो रवलो." १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणगावाच्या भागातून डॉ. सामंत लोकसभेवर गेले. संप तोवर बुडाल्यात जमा होता. लोकांनी तरीही मतं दिली. त्याला अक्कल गहाण टाकणं म्हणायची माझी तयारी नाही.

म्हणून दूरच्या बातम्याही मी वडिलांच्या डोळ्यांनी वाचतो. अमेरिकेतली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्यं १९९२ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर होती. २०१६ मध्ये तिन्ही मिळून ८० हजारांहून कमी मतांच्या फरकाने ती ट्रम्प यांच्याकडे गेली आणि निकाल फिरला. त्याआधी ट्रम्प कधी साध्या नगरपालिकेतही निवडून आलेले नव्हते. बंद कारखान्यांच्या त्या गावांत आधी डेमोक्रॅटिक पक्षाच्याच ओबामांना दोनदा मत दिलेली माणसंही होती. ती एका रात्रीत मूर्ख झाली काय? युक्रेनमध्ये २०१९ साली दुसऱ्या फेरीत सुमारे ७३ टक्के मतं एका विनोदी नटाला पडली. झेलेन्स्की यांना राजकारणाचा अनुभव नव्हता, आणि अनुभवी मंडळींना विटलेल्या लोकांना तेच हवं होतं.

मात्र बाहेरचा माणूस आला की सगळं सुधारतं, असंही मी म्हणणार नाही. त्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे. जो कुणाचाच मिंधा नसतो, त्याला तडजोडीची गरज वाटत नाही, आणि तडजोड झाली नाही की चूल विझते ती त्याच्या माणसांची. पेरूमध्ये १९९० साली महागाईने पिचलेल्या लोकांनी फुजिमोरी हे फारसे कुणाला ठाऊक नसलेले कृषितज्ज्ञ निवडले. दोन वर्षांत त्यांनी संसदच बरखास्त केली.

आमच्या जुन्या राजापूर मतदारसंघाने मात्र वेगळाही अनुभव घेतला आहे. मधू दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत भौतिकशास्त्र शिकवणारे. कोकणाने त्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून दिलं. ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. बाहेरचा माणूस होता, पण संसदेत बसून, नियमांची पुस्तकं उलटून काम करणारा. ओरडून बोलायची त्याला गरज पडली नाही, कारण तो ऐकत होता.

आज आमच्याकडे ऐकतं कोण? आमच्या वाडीच्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव (छोटा पूल) मोडून नऊ वर्षं झाली. पावसाळ्यात पोरं शाळेला चार किलोमीटर वळसा घालून जातात. तीन निवडणुका झाल्या, तीन पक्षांचे लोक येऊन साकव बघून गेले, फोटो काढून गेले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. उद्या कुणी गाडीच्या टपावर चढून "सगळ्यांना घरी बसवतो" म्हणाला, तर माझा शेजारी त्याला मत देईल. मी त्याला अडवीन, वडिलांची गोष्ट सांगेन. पण तो उलट विचारील, "मग साकव कोण घालतलो?" त्यावर आज माझ्याकडे उत्तर नाही.

संपादक महाशय, निवडणूक आली की कोण जिंकणार याच्या अंदाजांना आपण पानंच्या पानं देता. त्यातली अर्धी जागा वर्षभर लोकांच्या पडून राहिलेल्या अर्जांना द्या. अर्जाची तारीख छापा, तो कुठल्या टेबलावर किती दिवस अडला ते छापा, आणि लोकप्रतिनिधीचं उत्तर आलं तर तेही छापा. आमच्या साकवाच्या नऊ वर्षांच्या पोचपावत्या माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. पत्रासोबत त्यांच्या प्रती जोडत आहे.

आपला,
एका गिरणी कामगाराचा मुलगा
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग