कैलास यात्रेच्या जाहिरातीत मुक्कामाची उंचीही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कैलास-मानसरोवर यात्रेच्या जाहिराती पुन्हा झळकू लागल्या आहेत. शाकाहारी जेवण, मराठी टूर मॅनेजर, मानसतीरावर रुद्राभिषेक हे सगळे त्यांत ठळक असते. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, ते मात्र नसते. पैसे भरण्याआधी आयोजकाकडून तेवढा तक्ता लेखी घ्यावा.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणातला नियम. काठमांडूहून रस्त्याने जाताना तो पाळताच येत नाही. तिबेटच्या हद्दीतले पहिले गाव केरुंग सुमारे २,८०० मीटरवर, पुढचा मुक्काम सागा ४,५०० वर. म्हणून केरुंगला दोन रात्री हव्यातच, सागाला जमल्यास दोन. कार्यक्रम आखडायचा झाला की कात्री लागते ती नेमकी याच रात्रींना, कारण तिथे 'पाहण्यासारखे' काही नाही! हेलिकॉप्टरचा मार्गही दिसतो तितका सोपा नाही. त्याची सुरुवात नेपाळच्या सपाटीवरच्या नेपाळगंजहून, जेमतेम १५० मीटरवरून. ढगांमुळे तिथून सिमिकोट या डोंगरातल्या गावी जाणारे विमान अडकले, की बुडालेला दिवस पुढे तिबेटमधल्या तकलाकोटच्या विश्रांतीतून वसूल केला जातो. सरकारी यात्रेत उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीमार्गे जाणाऱ्यांची वाटेत गुंजीला पुन्हा वैद्यकीय तपासणी होते आणि तिथून माणसे परतही पाठवली जातात. खासगी यात्रेत 'तुम्ही इथेच थांबा' असे सांगण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच विचारावे.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या आजाराची पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जाऊ नये. सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालताना तोल गेला तर मेंदूला सूज, बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर फुप्फुसात पाणी, असे धरून त्याच रात्री खाली उतरवावे. सकाळची वाट पाहू नये. अडचण अशी, की तिबेटचे पठार मैलोन्‌मैल एकाच उंचीवर पसरलेले आहे. कैलास परिक्रमेच्या पायथ्याच्या दारचेन गावाहून उतरायचे तर तकलाकोट गाठावे लागते, साधारण १०० किलोमीटर. त्यात ग्रुप व्हिसावरून एकट्याला वेगळे काढण्याची कागदपत्रे. हे काम कोण करणार?

कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटेच पुरतो. उंचीचा आजार टाळण्यासाठीची डायमॉक्स गोळी (बहुधा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून) डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; सल्फाची ॲलर्जी असल्यास आवर्जून सांगावे. झोपेची गोळी टाळावी. निर्जळी उपास तर नकोच, आणि शौचालयाच्या गैरसोयीमुळे पाणी कमी पिणेही नको.

परिक्रमेतली सर्वांत उंच खिंड डोल्मा ला ५,६३० मीटरवर. तिथे हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्मा, आणि घोड्यावर बसल्याने तो वाढत नाही. खिंडीपलीकडच्या तीव्र उतारावर घोड्यावरून उतरून चालावेच लागते. घोडा व पोर्टर परिक्रमेच्या सुरुवातीलाच ठरवावे लागतात. वाटेत मिळतील या भरवशावर राहू नये.

'महादेवाचे बोलावणे आहे' असे ऐकवत राहिले, की माणूस लक्षणे लपवतो. त्यापेक्षा परिक्रमा न करणाऱ्यासाठी दारचेनला खोली, जेवण आणि सोबतीला एक माणूस मिळेल, हे करारात लिहून द्यावे, आणि त्याचे जादा पैसे किती तेही.

– एक गिर्यारोहण प्रशिक्षक, पुणे